मुलांजवळ असतो, पण मजा येत नाही: एका बाबांना उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलत्याच प्रश्नाला जायला नको. तुम्ही बदलापूरला राहता, नोकरी दादरला. सकाळी सात-सव्वासातला घर सोडता, परत यायला रात्रीचे आठ. बायकोचीही नोकरी आहे, तुमची आई घरी असते. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा नऊचा. जो भेटेल तो सांगतो की हे दिवस परत येत नाहीत, मजा करून घे. आणि तुम्हाला मात्र मुलीसमोर भातुकलीला बसलं की पाच मिनिटांत जांभया येतात, हात आपोआप मोबाइलकडे जातो. रविवारी मॉलमध्ये नेता, तिथे पैसे जातात आणि येताना रडारड. आजीजवळ मुलं खुशीत असतात, तुमच्याजवळ आली की कटकट सुरू. ‘माझ्यातच काही कमी आहे का? आणि छोट्या गोष्टींतला आनंद म्हणतात तो नक्की घ्यायचा कसा?’ असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिकला बालवाडी चालवते. तीन ते सहा वर्षांची मुलं आणि त्यांचे आईबाप यांच्यातच माझी कामाची सगळी वर्षं गेली. त्यामुळे मुलीबद्दल जरा खात्रीने बोलेन, मुलाबद्दल त्या मानाने हात राखून.

आधी कंटाळ्याचं बोलू, कारण तुम्हाला तोच जास्त टोचतोय. लहान मुलांबरोबर बसून मोठ्या माणसाला कंटाळा येणं यात काहीही वावगं नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात टेक्सासमधल्या 909 नोकरदार स्त्रियांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवायला सांगितला, आणि प्रत्येक प्रसंगात कसं वाटत होतं ते विचारलं. मुलांना सांभाळणं त्या यादीत टीव्ही बघणं, खरेदी, स्वयंपाक यांच्याही खाली निघालं, घरकामाच्या जरासं वर. या सगळ्या बायकांचं मुलांवर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? सांभाळण्यातला बराचसा वेळ मुळात हमालीचा असतो. पालकसभेत मी हा अभ्यास सांगते तेव्हा आयांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटतं, ते बघण्यासारखं असतं. कुणीतरी एकदाचं बोललं, असं ते हसू असतं.

तेव्हा ‘मला मजा येत नाही म्हणजे मी वाईट बाप’ हे समीकरण आधी सोडून द्या. त्या अपराधीपणामुळे तुम्ही दर रविवारी एक मोठा कार्यक्रम आखता, तो फसतो, आणि पुढच्या आठवड्यासाठी अपराधीपण वाढतं.

आता मला तुमच्या प्रश्नातली सर्वांत कामाची वाटलेली ओळ. मुलं आजीजवळ खुशीत असतात, असं तुम्ही लिहिलंय. थोडं आठवून बघा, तुमची आई नातीशी भातुकली खेळते का? माझा अंदाज, नाही. ती तांदूळ निवडत असते, कपड्यांच्या घड्या घालत असते, देवाची भांडी घासत असते. नात आजूबाजूला घुटमळते, मध्येच एक प्रश्न विचारते, आजी मान वर न करता उत्तर देते. फुलवाती वळताना नातीलाही कापसाचा पुंजका देते. दोघींपैकी कुणालाही दहा मिनिटांनी कुठे पोचायचं नसतं. तुमच्या घरात चालू असलेली गंमत ही एवढीच आहे. ती खेळण्यांवर अवलंबून नाही, आणि आजीला मुलांची विशेष कला अवगत आहे असंही नाही.

आता तुमच्या वाट्याला येणारा वेळ बघा. सकाळी अर्धा तास, रात्री दोन तास. पालकसभेत मी आईबापांना एक कागद देते आणि सांगते, मूल उठल्यापासून त्याच्या पायात बूट चढेपर्यंत तुम्ही त्याच्याशी जी वाक्यं बोललात ती आठवून लिहा. उठ. चल लवकर. दात घास. दूध संपव. हे काय, अजून बसलीच आहेस? रिक्षावाले काका हॉर्न मारतायत. कितीदा सांगायचं. कागद भरतो, आणि त्यावर एकही वाक्य असं नसतं की जे आपण एखाद्या मित्राशी बोलू. रात्रीचा कागद साधारण असाच, फक्त ‘उठ’च्या जागी ‘झोप’. मुलंही मग त्याच भाषेत उत्तर देतात. कटकट म्हणजे बहुतेक वेळा हुकमाला दिलेलं उत्तर असतं.

म्हणून तुमची खरी अडचण मला अशी दिसते: वेळ कमी आहे हे खरं, पण आहे तो सगळा कामं संपवण्यात जातो आणि मजेसाठी तुम्ही वेगळा वेळ शोधताय. तो वेगळा वेळ तुमच्या दिनक्रमात नाही. निदान मुलगी शाळेत रुळेपर्यंत तरी असणार नाही. मग आहे त्याच कामांपैकी एखादं निवडायचं, त्यात मुलांना खरा वाटा द्यायचा, आणि ते एक काम हळू होऊ द्यायचं.

हा विचार माझ्या पदरचा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. माँटेसरी पद्धतीची शिकवायची साधनं महाग, गावात कुठून आणणार? मग शंख-शिंपले, बिया, खडे, जे हाताशी होतं त्यातून साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्याच. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरं जिथे चरतात तिथेच शाळा. मुलाचा दिवस जसा आहे तसा धरायचा आणि त्यात शिकणं शोधायचं. बालवाडीच्या कामात आम्ही हे गृहीतच धरतो. घरी आईबाप मात्र उलट करतात. दिवस बाजूला सारून ‘क्वालिटी टाइम’ नावाचा एक वेगळा तुकडा जोडायला बघतात.

तुमच्या रात्री आठ ते दहामध्ये काय काय असतं? तुमचं हातपाय धुणं, जेवण, मागचं आवरणं, उद्याच्या डब्याची भाजी निवडणं, दप्तर भरणं, गणवेश काढून ठेवणं, अंथरुणं घालणं. यातली भाजी निवडणं ही माझी सर्वांत आवडती जागा. मेथी आणा. साडेचार वर्षांच्या बोटांसाठी मेथीसारखी भाजी नाही: पान खुडलं की लगेच सुटतं, काडी उरते, आणि ताटात ढीग वाढताना दिसतो. वर्तमानपत्र पसरा, जुडी मधोमध ठेवा, तिघं-चौघं भोवती बसा. मटारच्या दिवसांत मटार. शेंग दाबल्यावर ती फट्कन उघडते आणि आत किती दाणे निघतील यावर पैज लागते. नऊ वर्षांचा मुलगा इथे हमखास ओढला जातो, कारण त्याला जिंकायचं असतं. निम्मे दाणे पोटात जातात. जाऊ द्या, भाजी थोडी कमी होईल.

यात दोन-तीन गोष्टी जपाव्या लागतात आणि त्या न जपल्याने बहुतेक घरांत हा प्रयोग दोन दिवसांत बंद पडतो.

काम खरं हवं. मुलीला बाजूला बसवून प्लॅस्टिकची भाजी कापायला दिली तर ती तुमच्याकडे बघून ओळखते की आपल्याला वाटेला लावलंय. तिने खुडलेली मेथी उद्या डब्यात जाणार आहे, हे तिला माहीत असलं पाहिजे आणि उद्या कुणीतरी ते म्हटलंही पाहिजे.

तिने केलेलं काम तिच्यासमोर पुन्हा करू नका. तिच्या वाट्यात चार काड्या राहिल्या तर राहू द्या, अगदीच नको असतील तर ती झोपल्यावर काढा. घडी घातलेला टॉवेल वाकडा असेल तर वाकडाच कपाटात जाऊ द्या. आम्ही नव्या शिक्षिकांना सर्वांत आधी हेच शिकवतो, आणि त्यांना सर्वांत जड जातं तेही हेच.

बक्षीस नको. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मधल्या एका अभ्यासात दीड वर्षाच्या मुलांसमोर मुद्दाम अडचणी उभ्या केल्या. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडते आणि त्याचा हात पोचत नाही, हातात ओझं असल्यामुळे कपाटाचं दार उघडता येत नाही, असं. कुणी सांगितलं नाही, काही देऊ केलं नाही, तरी 24 पैकी 22 मुलांनी निदान एकदा उठून मदत केली. दोन वर्षांनी त्याच दोघांनी दाखवलं की मदतीबद्दल वस्तू मिळालेली मुलं पुढे कमी मदत करतात. आपल्याकडे याच्यावर आणखी एक कळस असतो: मूल दोन-अडीच वर्षांचं असताना झाडू मागतं, लाटणं मागतं, तेव्हा आपण ‘तू खेळ जा’ म्हणतो आणि तेच मूल दहाचं झालं की ‘घरात इकडची काडी तिकडे करत नाही’ म्हणून ओरडतो.

सुरक्षिततेचं एक सांगते, कारण बालवाडीत आम्हाला ते डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. तुमची मुलगी साडेचारची आहे म्हणून मटार चालेल. पण घरी कुणाचं त्याहून लहान मूल येत असेल तर शेंगदाणे, चणे, वाटाणे त्याच्या हाताशी नकोत. ते घशात अडकतात, नाकात जातात. गॅसजवळ, तापल्या तेलाजवळ मुलीला उभं करू नका. कणकेचा गोळा द्या, ती पोळपाटाशी बसून चिमणी करेल. मुलगा मात्र तुम्ही शेजारी उभे असाल तर आता चहा करायला शिकू शकतो, आणि माझ्या मते त्याने तो शिकावा. आजीला नातवाच्या हातचा पहिला चहा मिळाला की त्या घरात काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

‘पण यात मला मजा कुठे आहे?’ हा प्रश्न उरतोच. मेथी निवडण्यात तुम्हाला आनंद वाटेल असं मी मुळीच म्हणत नाही. घडतं ते असं. हात गुंतलेले असले की तोंडं मोकळी होतात. समोरासमोर बसवून ‘आज शाळेत काय केलं?’ विचारलं की जगातलं कुठलंही मूल ‘काही नाही’ म्हणतं. तेच शेंगा सोलता सोलता, कुणी काही न विचारता, मुलगी सांगते की तिच्या बाकावरचा मुलगा रडताना आवाजच करत नाही, नुसतं पाणी येतं. असलं वाक्य तुम्ही विकत आणू शकत नाही. ते येण्यासाठी तुम्ही तिथे बसलेले असावं लागतं आणि तुमच्या हातात मोबाइल नसावा लागतो. मोठ्या माणसाला येते ती मजा इथली आहे: समोरचं लहान माणूस जगाकडे काय नजरेने बघतंय ते अचानक दिसतं. मला इतकी वर्षं या कामात ठेवलं ते याच वाक्यांनी. पगाराने नव्हे, हे कुठल्याही बालवाडीताईला विचारा.

एक सवय उपयोगी पडते. ‘काय झालं’ विचारण्याऐवजी तुमचं काहीतरी सांगा. आज लोकलमध्ये एक काका उभ्या उभ्या झोपले आणि कल्याण आलं तरी उठले नाहीत. ऑफिसात लिफ्ट बंद होती, सहा मजले चढलो. तुमच्या दिवसात मुलांना फार रस असतो. त्यांना तो कुणी सांगत नाही. तुम्ही सांगितलंत की तीही सांगतात. आणि मुलाने चिंटूचा तोच विनोद तिसऱ्यांदा सांगितला तर तिसऱ्यांदा हसायची सक्ती नाही, पण शेवट त्याच्या आधी बोलून टाकू नका.

भातुकलीचं काय करायचं? मला विचाराल तर, आवडत नसेल तर कमी खेळा. प्रत्येक आईबापाने मुलांचे सगळे खेळ खेळलेच पाहिजेत हा आग्रह अलीकडचा आहे. मुलांना खेळायला मुलं लागतात. आईबाप लागतात ते दुसऱ्या कारणांसाठी. ती बोलावते तेव्हा ‘मी दहा मिनिटं येतो, चहा पिऊन जातो’ असं सांगून जा, त्या दहा मिनिटांत खरोखर पाहुणे व्हा, आणि वेळ संपली की तसं सांगून उठा. तासभर अर्धवट बसून मध्ये मध्ये मोबाइल बघण्यापेक्षा हे तिला जास्त पुरतं. मुलांना अर्धवट हजेरी लगेच कळते. ती मग आवाज वाढवतात, ओढतात, काहीतरी सांडतात, आणि आपण म्हणतो हट्टी आहे.

उलट दिशेने जा: तुम्हाला स्वतःला काय आवडतं? त्यात मुलांना घ्या. आमच्या बालवाडीत एका मुलीचे बाबा रिक्षा चालवायचे. सुटीच्या दिवशी ते आणि ती मिळून रिक्षा धुवायचे. आरसे तिचे, बाकी त्यांचं. ती आठवडाभर आम्हाला त्या आरशांबद्दल सांगायची. त्या बाबांनी मुलांच्या मानसशास्त्रावर कधी ओळभर वाचलं नसेल. त्यांना रिक्षा चकचकीत ठेवायची हौस होती, इतकंच. तुमचं क्रिकेट असेल, जुनी गाणी असतील, कुंड्यांतली झाडं असतील, सायकलची दुरुस्ती असेल. नऊ वर्षांच्या मुलाला सायकलचं पंक्चर कसं काढतात हे दाखवा. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली की बुडबुडे कुठून येतात ते शोधण्यात तो किती वेळ गुंततो बघा. या वयाची मुलं समोर बसून बोलत नाहीत, शेजारी वाकून बोलतात. आणि तुम्ही त्या वेळी मजेत असाल, ढोंग नसेल, हे त्यांना जाणवतं.

आता रविवार. मॉलवर माझा राग नाही, पावसाळ्यात मीही नातवंडांना घेऊन जाते. पण तिथून येताना रडारड का होते ते कळलं तर बरं. आवाज, झगमगाट, दर पावलाला ‘हे हवं का ते’, दुपारची झोप बुडालेली, जेवण अवेळी. साडेचार वर्षांच्या मुलीचा तोल एवढ्यात सुटणारच. त्यात तुमचीही अपेक्षा चढलेली असते, एवढे पैसे घातले तर आनंद दिसला पाहिजे. तो दिसला नाही की तुमचा आवाज चढतो. पंधरवड्यातून एखादा रविवार तिथे जायचं असेल तर जा, पण सकाळी लवकर, पोटभर खाऊन, आणि दीड तासात परत.

बाकीच्या रविवारी तुम्ही बदलापूरला राहता हे माझ्या मते नशीबच. स्टेशनच्या पुलावर उभं राहून गाड्या बघणं हा साडेचार वर्षांच्या मुलीसाठी अर्ध्या तासाचा भरगच्च कार्यक्रम आहे. कुठली फास्ट, कुठली स्लो, मालगाडीला डबे किती. तुम्हाला रोज जी लोकल जीव नकोसा करते, तीच मुलीच्या नजरेतून तुम्हाला वेगळी दिसेल. उल्हास नदी जवळ आहे. लांबून, काठावरूनच बघा, पावसाळ्यात पाण्याजवळ अजिबात नको. मंडईत न्या आणि मुलाला शंभर रुपये देऊन सांगा, यात दोन भाज्या आणि कोथिंबीर. तो चुकीची भाजी आणेल. ती खा.

सणांचंही इथेच सांगते. दिवाळीचा किल्ला ही महाराष्ट्रातल्या मुलांना मिळालेली केवढी मोठी चैन आहे! विटा आणि दगड रचायचे, वर मातीत बुडवलेलं गोणपाट टाकायचं, चिखल लिंपायचा, हळीव नाहीतर मोहरी पेरायची, ती उगवली की हिरवळ, मग मावळे मांडायचे. चार दिवस मुलं आणि चिखल. पण गेली काही वर्षं मी बघते, एक तर प्लास्टरचा तयार किल्ला आणतात, नाहीतर सोसायटीची स्पर्धा असते आणि बाबा लोक स्वतःच बुरूज बांधत बसतात; मुलं बाजूला उभी राहून पाणी आणून देतात. बक्षीस बाबांना मिळायला हवं खरं तर. तुमच्या मुलाला किल्ला करू द्या, तुम्ही पाणी आणा. बुरूज ढासळला तर तो काय करतो ते बघा. करंज्यांना कातण फिरवणं मुलीकडे, चकलीचा सोऱ्या दाबणं मुलाकडे. तुटक्या चकल्या पहिल्यांदा संपतात, हे आपल्याला माहीत आहेच.

इथपर्यंतचं थोडक्यात: रविवारचा मोठा बेत कमी करा, रोजच्या कामांपैकी एक निवडून त्यात मुलांना खरा वाटा द्या, त्या वेळात मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि जिथे तुम्हाला स्वतःला रस आहे तिथे त्यांना ओढा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे त्याबद्दल.

तुमच्या थकव्याला मी कमी लेखत नाही. रोजचे दोन-अडीच तास लोकलमध्ये काढून आलेल्या माणसाकडून हसतमुख बाबाची अपेक्षा रोज ठेवता येत नाही. आल्या आल्या मुलं अंगावर येत असतील तर पंधरा मिनिटं मागून घ्या: अंघोळ, चहा, मग मी तुमचा. मुलं हे पाळायला शिकतात, फक्त पंधराची चाळीस मिनिटं होऊ देऊ नका. काही रात्री काहीच जमणार नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आया आणि तान्ह्या बाळांचं वागणं क्षणाक्षणाने तपासलं, तेव्हा चांगल्या, प्रेमळ जोड्यांतसुद्धा दोघांचे सूर जेमतेम तीस टक्के वेळ जुळलेले दिसले. उरलेला वेळ सूर सुटतात आणि पुन्हा जुळवले जातात, आणि त्या जुळवण्यावरच नातं उभं राहतं. तुम्ही चिडलात, तर थोड्या वेळाने जाऊन ‘मघाशी मी जोरात बोललो’ एवढं म्हणता येतं. ते म्हणा.

तुमच्या बायकोबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाही, म्हणून स्पष्टच बोलते. मी पाहिलेल्या अनेक घरांत बाबा रविवारी मजेचे आणि आई सोमवार ते शनिवार शिस्तीची. पुलावर गाड्या दाखवायला बाबा, नखं कापायला आणि केसांतल्या गाठी सोडवायला आई. मग तिला या ‘छोट्या क्षणां’बद्दल ऐकून राग आला तर तो योग्य आहे. माझी सूचना अशी की तुम्ही एखादं नावडतं काम कायमचं स्वतःकडे घ्या. मुलीची वेणी घालायला शिका. पहिले काही दिवस ती तिरकी येईल, मुलगी शाळेतून उसवलेल्या केसांनी परत येईल. पण रोज सकाळी ती पाच मिनिटं तुमच्यापुढे पाठ करून बसेल, आणि मी वर म्हटलं तसं, समोरासमोर नसलं की बोलणं येतं. त्यासाठी तुम्हाला थोडं लवकर उठावं लागेल, तेवढी किंमत आहे.

आजीशी स्पर्धा करू नका, तिची जागाही घेऊ नका. संध्याकाळी ती जे करते त्यात तुम्ही जाऊन बसा. तुमच्या लहानपणी ती तुम्हाला काय करायला द्यायची, हे मुलांसमोर तिला विचारा. मुलांना ‘बाबा लहान असताना’ या विषयाचं अपार कुतूहल असतं, विशेषतः त्यात बाबांनी मार खाल्लेला असेल तर.

मुलगा नऊचा आहे, उशीर झाला का, असंही तुमच्या प्रश्नात कुठेतरी डोकावतं. उशीर झालेला नाही, पण तो तुम्हाला पारखून घेईल. पहिल्या आठवड्यात तो भाजी निवडायला येणार नाही, टीव्हीसमोरून हलणार नाही. बोलावत राहा, ओढून आणू नका, आणि आला नाही म्हणून टोमणा मारू नका. तुम्ही आणि मुलगी मजेत आहात हे दिसलं की तो येऊन उगाच चुका काढायला लागेल. तेच त्याचं येणं आहे, त्याला जागा करून द्या.

एक गोष्ट गंभीर आहे म्हणून वेगळी सांगते. कंटाळा फक्त मुलांबरोबर येत असेल तर वरचं सगळं लागू. पण क्रिकेट, मित्र, जेवण, काहीच गोड लागत नाही, झोप उडाली आहे किंवा सारखं झोपूनच राहावंसं वाटतं, आणि हे आठवड्यांमागून आठवडे चाललंय, असं असेल तर मेथीच्या जुडीने ते सुटणार नाही. डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोन-मदतवाहिनी 2022 पासून चालू आहे, 14416 हा क्रमांक, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. पुरुष हे विचारायला फार वेळ लावतात, म्हणून न विचारता सांगितलं.

सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर या शनिवारी येताना स्टेशनबाहेरून मेथीच्या दोन जुड्या आणा. पालक नको, तो फार पटकन निवडून होतो.